६० नाही, ६१ डॉलर ३७ सेंट

पहिली जोडी मी निव्वळ ईर्ष्येने घेतली. ईबे या लिलावाच्या साइटवर ॲलन एडमंड्स कंपनीचे काळे 'पार्क ॲव्हेन्यू' बूट, लिलावाला तीन दिवस बाकी, आणि मी रोज सकाळी उठून बोली वाढवतोय. समोरचाही वाढवतोय. शेवटी ११८ डॉलरला मिळाले आणि रुंदी निघाली बी, म्हणजे अरुंद. माझा पाय डी, म्हणजे मध्यम. वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

आता आधी विकल्या गेलेल्या जोड्यांचे भाव बघतो. मागितलेले भाव म्हणजे विकणाऱ्याची स्वप्नं. मग फोटो. हे बूट गुडइयर वेल्टचे, म्हणजे सोल चामड्याच्या पट्टीला शिवलेला, तो नवा बसवता येतो, म्हणून झिजलेल्या टाचेला घाबरत नाही. पण बोटं दुमडतात तिथे चामड्याला चीर दिसली, की फुकट दिले तरी नको.

बोलीचं गणित असं: तुम्ही कमाल रक्कम टाकता, यंत्रणा मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा साधारण एक पायरीच वर चढते. ५० डॉलरच्या आसपास ती पायरी १ डॉलरची. म्हणून कमाल आकडा एकदाच टाकायचा, शेवटच्या सात-आठ सेकंदांत. समोरच्याला ईर्ष्येला वेळच मिळत नाही! आणि आकडा गोल नको. कमाल सारखी निघाली तर आधी टाकणारा जिंकतो, आणि ६० वर थांबणारे पुष्कळ. म्हणून मी ६१ डॉलर ३७ सेंट टाकतो.

गेल्या रविवारी तपकिरी जोडी अशीच ५४ डॉलरला मिळाली. खोकं उघडताना बायको म्हणाली, "अरे, पण तू ऑफिसला स्नीकर्सच घालून जातोस ना?"