जवान ते अफसर: अर्ज करण्याआधी वयाचा हिशोब करा

भारतीय सैन्यात जवानाला अधिकारी व्हायचं असेल तर मुख्य वाटा तीन: एसीसी (आर्मी कॅडेट कॉलेज), एससीओ (स्पेशल कमिशन्ड ऑफिसर) आणि पीसी एसएल (पर्मनंट कमिशन, स्पेशल लिस्ट). युनिटमध्ये चर्चा तिन्हींची होते, पण प्रत्यक्षात तुमच्यासाठी बहुधा एकच उघडी असते, कारण वय. एसीसीला 20 ते 27 वर्षं वय आणि किमान 2 वर्षं नोकरी लागते, एससीओला 28 ते 35 वय आणि किमान 5 वर्षं नोकरी. पीसी एसएल 42 पर्यंत चालतं, पण त्याला 10 वर्षं नोकरी हवी आणि पुढचं काम मुख्यतः प्रशासनाचं. वय आजचं नाही, त्या कोर्ससाठी ठरवलेल्या तारखेचं धरतात. म्हणून युनिटला अर्ज मागवणारं पत्र आलं की आधी ती तारीख पाहा.

एसीसी 1964 ते 1977 पुण्यात होतं, आता ते देहरादूनच्या आयएमएचाच (इंडियन मिलिटरी अकॅडमी) भाग आहे. तिथे 3 वर्षं, जेएनयूची पदवी, मग आयएमएचं 1 वर्ष. 27व्या वर्षी आत गेलात तर 31व्या वर्षी लेफ्टनंट. लेफ्टनंट कर्नलला साधारण 13 वर्षांची कमिशन्ड सेवा (अधिकारी झाल्यानंतरची नोकरी) लागते, म्हणजे 44वं वर्ष. बारावीनंतर लगेच भरती झालेल्या पोराने 21-22व्या वर्षी अर्ज केला तर हेच सगळं पाच-सहा वर्षं आधी हाती येतं. माझ्या मते एसीसीबाबत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं सगळ्यांत महाग पडतं.

एससीओकडे पाहणाऱ्या तिशीतल्या हवालदाराचं मात्र वेगळं. सुभेदारी समोर दिसत असते, आणि कमिशन मिळालं की ज्येष्ठतेत तो तळाला येतो. दहा-बारा वर्षांनी लहान कॅप्टनला ‘सर’ म्हणायचं. पगार वाढतो हे खरं: सातव्या वेतन आयोगात हवालदाराचं मूळ वेतन 29,200 पासून, लेफ्टनंटचं 56,100 पासून, आणि मिलिटरी सर्व्हिस पे 5,200 वरून 15,500. पण ऑफिसर्स मेसचं बिल येतं, आणि काल लंगरात (जवानांच्या जेवणघरात) शेजारी बसणारा आज सावधान उभा राहतो. प्रशिक्षणात बायकापोरं सोबत ठेवता येत नाहीत. घरी आईवडील आजारी असतील किंवा मुलं लहान असतील तर हे आधी घरच्यांशी बोला, निकाल लागल्यावर नको.

लेखी परीक्षेत आपल्याकडच्या पोरांना अडवतं ते इंग्रजी. सातारा-कोल्हापूरकडची मराठी माध्यमातली मुलं गणितात मागे नसतात, पण उतारा वाचून उत्तर लिहायला वेळ पुरत नाही. रोज एक अग्रलेख वाचून पाच वाक्यांत लिहा, तेही घड्याळ लावून.

खरी कसोटी एसएसबीची (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, अधिकारी निवडणारं मंडळ), पाच दिवसांची. इथे जवानाची चांगली सवयच आड येते. हुकूम आल्याशिवाय हलायचं नाही, हे अंगात मुरलेलं असतं. परिस्थितीच्या चाचणीत 60 प्रसंग आणि 30 मिनिटं, म्हणजे प्रसंगाला अर्धा मिनिट. ‘रात्री गस्तीवर साथीदाराला साप चावला’ असं आलं की बरेच जण लिहितात, ‘वरिष्ठांना कळवीन.’ कळवायचंच, पण तेवढंच लिहिलं तर निर्णय दुसऱ्यावर गेला. त्याला हलू न देणं, पाय स्थिर ठेवणं, रेडिओवर गाडी मागवणं, स्ट्रेचरवर नेणं, उरलेली गस्त कुणाकडे द्यायची हे ठरवणं, असं क्रमाने लिहा. ग्रुप टास्कमध्येही तेच: फळी, बल्ली, दोर समोर असतात आणि जवान कुणीतरी सांगेल म्हणून थांबतो. आधी बोला, चुकलं तर बदला.

मुलाखतीत स्वतःच्या सेक्शनबद्दल नेमकं बोलता आलं पाहिजे: किती माणसं, कोणतं हत्यार, कुठे अडचण येते, तुम्ही काय बदलाल. इथे जवान कॉलेजातून थेट आलेल्या पोरापेक्षा पुढे असतो.

शेवटी कागद. बारावी नोकरीत असताना केली असेल तर तिची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा युनिटचा आदेश) निघाली आहे का, ते हेड क्लार्ककडून आजच बघून घ्या. कागदांत शिक्षण दहावीच दिसलं तर फॉर्म अडकतो, आणि रेकॉर्ड ऑफिसमधून दुरुस्ती होईपर्यंत मुदत निघून जाते. रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) आणि मेडिकल कॅटेगरीही त्याच वेळी तपासा. शेप-1 (पूर्ण तंदुरुस्त) नसेल तर आधी रिव्ह्यू बोर्डाची, म्हणजे फेरवैद्यकीय तपासणीची, तारीख मागा. फॉर्म सीओंच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या) शिफारशीनेच पुढे जातो, म्हणून कंपनी कमांडरला दोन-तीन महिने आधीच सांगून ठेवा.