किर्रर्र

दिवसा दार फारसं ऐकू येत नाही. मिक्सर, टीव्ही, पंखा, माणसं यांच्या गलक्यात त्याचं कोण ऐकतो? रात्री दोन वाजता कुणी पाणी प्यायला उठतं, बाळ जागं होऊ नये म्हणून बोटभर बोटभर दार उघडू लागतं, आणि तेव्हाच ते सूर लावतं. जितकं जपून उघडावं तितका सूर लांबतो. एका झटक्यात उघडलं असतं तर बहुधा गप्प राहिलं असतं.

हा दाराचा खोडसाळपणा नाही. बिजागरीच्या दोन पट्ट्या असतात, त्यांच्या कडा वळवून केलेल्या नळ्या एकमेकींत बसतात आणि त्यांच्या पोटातून पिन जाते. वंगण संपलं की धातू धातूला धरून ठेवतो. जोर साठला की सुटतो, लगेच पुन्हा धरतो. ही धर-सोड सेकंदाला शेकडो वेळा झाली की तिचा स्वर होतो. व्हायोलिनचा गज तारेवर नेमकं हेच करतो; त्याने तार नीट धरावी म्हणून तर गजाला राळ घासतात. व्हायोलिनला लाकडी पेटी असते, बिजागरीला अख्खं दार मिळतं. वेग वाढला की धरायला सवडच मिळत नाही, म्हणून झटक्यात उघडलेलं दार मुकं.

अख्खं दार वाजत असल्यामुळे कान मात्र हमखास फसतात. तेलाची बाटली घेतलेला माणूस हाताला येईल त्या बिजागरीवर धार सोडतो; ओरडत असते बहुतेकदा वरची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कानापेक्षा बोट भरवशाचं. दुसऱ्या कुणाला दार सावकाश हलवायला सांगून एकेका बिजागरीवर बोटाचं टोक टेकवावं. दोषी बिजागरी बोटाखाली थरथरते. तिच्या खालच्या कडेला किंवा बरोबर खाली जमिनीवर काळी भुकटी दिसली तर शंकाच नको. ती धूळ नसते, झिजलेला धातू असतो.

आता तेल. स्वयंपाकघर जवळ असतं म्हणून तिथलं तेल आणण्याचा मोह होतो, तो आवरावा. खाद्यतेल हवेत राहून चिकट होतं, त्यावर धूळ बसते, आणि चार-सहा महिन्यांत पिनेभोवती डिंकासारखा थर धरतो. जवसाचं तेल तर वाळून घट्टच होतं. तैलरंगात ते वापरतात ते याच गुणामुळे. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. नेहमीचा फवारा, डब्ल्यूडी-40, हा 1953 सालचा शोध, मुळात ओल हटवण्यासाठी केलेला. तो मळ आणि गंज सोडवतो, आवाज तिथल्या तिथे बंद करतो, पण मागे राहणारा थर पातळ, म्हणून काही आठवड्यांत दार पुन्हा बोलू लागतं. त्याला सफाई कामगार समजावं, मुक्कामाला ठेवू नये. मुक्कामासाठी पांढरं लिथियम ग्रीस किंवा साधी पेट्रोलियम जेली. काहीच नसेल तर मेणबत्ती.

खरी दुरुस्ती पिन काढून. दार बंद करावं, खाली पाचर किंवा पुठ्ठ्याची घडी सरकवून त्याचं वजन तोलावं, आणि एका वेळी एकच पिन काढावी. तिन्ही एकदम काढल्या तर दार अंगावर येतं. तीन इंची खिळा नळीच्या तळाशी उभा धरून खालून वर हलके ठोके द्यायचे. पिनेचं डोकं जरा वर आलं की त्याखाली जुना स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं. रंगाने डोकं चिकटलं असेल तर आधी ब्लेडने कड कापावी, नाहीतर रंगाचा पापुद्रा सोबत निघतो.

बाहेर आलेल्या पिनेवर काळी पेस्ट असते, म्हणजे जुनं तेल अधिक लोखंडाचा चुरा. फडक्याने पुसून 320 नंबरच्या पॉलिश पेपरने पिन चकचकीत करावी. नळीतून चिंधीची वात आरपार ओढावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ग्रीसला दोष देतात. पिनेला मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस चोळून पुरतं. जास्त लावलेलं बाहेर ओघळतं आणि भिंतीवर काळा ओघळ उमटवतं. पिन पुन्हा ठोकायच्या आधी ती सरळ आहे का तेही बघावं.

पुष्कळ बिजागऱ्यांची पिन दोन्ही टोकांना ठोकून पक्की केलेली असते, ती निघत नाही. तिथे वरून थेंब सोडून उपयोग नाही, कारण दाराच्या वजनाने नळ्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात आणि तेल नुसतं बाहेरून वाहतं. दाराखाली तरफ घालून ते मिलिमीटरभर उचलावं. नळ्यांमध्ये बारीक फट दिसते. त्या फटीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, मग दहा-पंधरा वेळा उघडझाप.

इतकं करूनही आवाज आला तर तेलाचा नाद सोडावा. दुखणं स्क्रूत आहे. 24 किलोचं, 80 सेंटिमीटर रुंद दार घ्या. वरच्या-खालच्या बिजागरीत 160 सेंटिमीटर अंतर धरलं, तर वरची बिजागरी सहा किलोच्या ओढीने रात्रंदिवस चौकटीपासून सुटू बघत असते, आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. म्हणून वरचेच स्क्रू आधी ढिले पडतात, दार झुकतं, पिना एका रेषेत राहत नाहीत आणि नळीत तिरप्या घासतात. पेचकस फिरवून स्क्रू नुसता गरगरत असेल तर भोकात लाकडाचा गोंद आणि गुल काढलेल्या दोन-तीन काड्या ठोकून भराव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, मग स्क्रू बसवावा. किंवा 25 ऐवजी 50 मिलिमीटरचा स्क्रू, लाकडी चौकट तेवढी जाड असेल तर.

बिजागरी गप्प झाली की त्या रात्री एक नवाच आवाज कळतो: लॅचची जीभ चौकटीच्या पट्टीवर घासून टक् करते. तो आधीही होता, किर्रर्रच्या खाली दबलेला. तिथे ग्रीस नको, कपड्यांना लागतं. मेणबत्तीचं टोक जिभेच्या उतारावर दोनदा घासलं की झालं.