तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्ती लेखकांच्या गोष्टींत जादू असते का?

भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांसाठी पुस्तकांचं एक कपाट आहे, ते मी सांभाळते. उपासना संपली की कुणाची तरी आई हमखास गाठते: "ताई, ख्रिस्ती लेखकाचं आहे म्हणता, मग यात जादू कशी?"

असते. भरपूर असते. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांची नार्निया या जादूच्या जगाची सात पुस्तकं (१९५० ते १९५६) घ्या. चेटकीण आहे, मंतरलेली मिठाई आहे, दुसऱ्या जगात नेणाऱ्या अंगठ्या आहेत. आणि बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात तर चेटूक, मंत्रतंत्र सगळ्याला स्वच्छ मनाई. त्यामुळे आयांची काळजी मला उगाचची वाटत नाही. (याच आया घरी 'चल रे भोपळ्या' रंगवून सांगतात, ते सोडा.)

मी एवढंच बघते, की जादू कुणाला आणि कशासाठी हवी आहे. नार्नियाच्याच 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'च्या दहाव्या प्रकरणात ल्यूसी नावाची मुलगी एका जादूगाराची मंत्रांची पोथी चाळते. सुंदर होण्याचा मंत्र दिसतो. थोरली बहीण देखणी, म्हणून मोह होतो. तोच पानावर अस्लान सिंहाचा गुरगुरता चेहरा उमटतो. ती घाईनं पान उलटते, पण पुढचा मंत्र म्हणतेच: मैत्रिणींना आपल्याबद्दल काय वाटतं ते कळण्याचा. आणि बघते तर काय, आगगाडीत बसून तिची लाडकी मैत्रीण दुसरीपाशी तिलाच नावं ठेवतेय! पुढे अस्लान तिला सुनावतो, मंत्रानं ऐकलंस तरी ते चोरून ऐकणंच. ती मुलगी मनानं दुबळी आहे, सोबतच्या मोठ्या मुलीच्या धाकानं बोलली. तिचं तुझ्यावर प्रेम आहे. पण ऐकलेलं आता विसरता येणार नाही.

सातवीतल्या मुलींना हे वाचून दाखवलं की वर्गात चिडीचूप होतं. प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या चॅटचा स्क्रीनशॉट असतोच.

मला धास्ती वेगळ्याच पुस्तकांची. त्यांत जादूचं नाव औषधालाही नसतं. नायक डोळे मिटून प्रार्थना करतो आणि पुढच्याच ओळीत कुलूप खटकन उघडतं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातल्या शिमोन जादूगारालाही असंच काहीतरी हवं होतं. पवित्र आत्म्याचं सामर्थ्य तो पैसे मोजून घ्यायला निघाला आणि येशूचा शिष्य पेत्र यानं त्याची खरडपट्टी काढली. असली पुस्तकं कुणी भेट दिली तरी मी कपाटात लावत नाही.

नार्निया मात्र पाचवी-सहावीपासून खुशाल द्या. आमची प्रत बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरीच असते. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत शोधा. आणि ते दहावं प्रकरण आधी स्वतः वाचा, मोबाइल बाजूला ठेवून.