लाईट गेली की जागा होणारा

गोष्टीतला यंत्रमाग कामगार मी अकरा ओळींत उभा केला होता. उंची, रंग, मळकं बनियन, कपाळावरच्या आठ्या, खोल गेलेले डोळे. (डोळे खोल गेल्याशिवाय आमच्या गोष्टींत गरिबी येतच नाही.) शेजारच्या अक्कांना वाचून दाखवलं. घरात तेलुगू, दारात मराठी बोलणाऱ्या अक्का मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बरं. पण कोण हाय त्यो?"

मी गप्प.

मग बोलता बोलता त्यांच्या बिडी कारखान्यातल्या तपासणाऱ्याचा विषय निघाला. "त्यो व्हय? बिड्या मोजताना सुपाकडं बघतोय, छाट काढताना आमच्या तोंडाकडं." छाट म्हणजे नापास बिड्या, त्यांची मजुरी बुडते. त्या माणसाला मिशी आहे की नाही, मला अजून माहीत नाही. पण रस्त्यात दिसला तर ओळखेन.

कपड्यांवर तर माझा भरवसा गड्ड्यालाच, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतच, उडाला होता. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात तेव्हा जिकडे बघावं तिकडे पांढरी बाराबंदी. सावकार, हमाल, मास्तर सगळे एकाच रंगात. त्यात वेगळं काय सांगणार? एक जण मात्र डोक्यात राहिलाय. त्याची पाळी संपून नंदीध्वज दुसऱ्याने पेलला होता, तरी याचे दोन्ही हात पोटाशी तसेच, काही तरी धरल्यासारखे. आजूबाजूला खोबऱ्याचे हार, हलग्या, रेटारेटी; मला आठवतात ते रिकामे हात.

घरी येऊन अकरा ओळी खोडल्या. लिहिलं: 'लाईट गेली, माग थांबले, की तो जागा व्हायचा.' खूश होऊन दुसऱ्या दिवशी अक्कांपुढे हजर.

"आमच्या गल्लीत सगळेच तसे," त्या म्हणाल्या. "खटखट थांबली की झोप जातीच."

खरंच की. कमी शब्दांत अख्खी गल्ली मावली होती, माणूस पुन्हा बाहेरच. कमी लिहिणं म्हणजे नेमकं लिहिणं, या गैरसमजात मी बरीच वर्षं काढली आहेत. आमच्या गावच्या पात्राच्या तोंडी एक 'का बे' टाकला की झाला सोलापूरकर, हाही त्यातलाच आळस.

आठवडाभर वाक्य घेऊन बसलो. शेवटी त्याला एवढंच शेपूट जोडलं: 'आणि लाईट येईपर्यंत बायकोला उठवून चादरींचे हिशेब विचारायचा, उत्तर माहीत असलेले.'

अक्कांचा हात थांबला. पान अर्धं वळलेलं, दोरा बोटाला तसाच.

"ह्यांचं तुला कोण सांगितलं?"