शनिवारी सोनं, रविवारी दगड

शनिवार, रात्री

हवामान खात्याने सलग दोन दिवस कोरडे सांगितले असताना उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये अभ्यासाला बसणं पाप आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. त्यात सोमवारी बँक हॉलिडे. प्रबंधाचं दुसरं प्रकरण लॅपटॉपमध्ये पडून आहे, ते कुठे पळून जात नाही.

सकाळी पलीकडच्या खोलीतल्या कोल्हापूरकर मैत्रिणीला उठवून सेंट जॉर्जेस मार्केटला गेले. १८९०च्या दशकातली ही लाल विटांची मंडई फक्त शुक्रवार ते रविवार भरते. मासळीच्या गाळ्यांपाशी माझे पाय रेंगाळतातच. घेत मात्र काही नाही, कारण आमच्या सामायिक स्वयंपाकघरात मासे तळले की आधी फायर अलार्म बोंबलतो आणि मग बाकीचे. डल्सची पुडी तेवढी घेतली. डल्स म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ: जांभळट, चिवट, खारट. मैत्रिणीने एक तुकडा चावला आणि काही न बोलता पुडी माझ्याकडे परत दिली.

दुपारी अल्स्टर म्युझियम. तिकीट नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांचं लाडकं. मला 'जिरोना'चं सोनं पाहायचं होतं. इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराचं हे जहाज. मोहीम फसल्यावर आधी बुडालेल्या जहाजांवरची माणसंही त्यात कोंबली होती, आणि ऑक्टोबर १५८८ मधल्या एका वादळी रात्री ते इथल्याच उत्तर किनाऱ्यावर फुटलं. सुमारे १३०० माणसं होती, वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. १९६७ साली रोबेर स्तेनुई या बेल्जियन पाणबुड्याने अवशेष शोधून काढले.

काचेमागे माणकं जडवलेला सोन्याचा इवलासा सॅलमँडर (पालीसारखा प्राणी) आहे, पंख असलेला. सगळे त्याचेच फोटो काढतात. मी मात्र बाजूच्या अंगठीपाशी थांबले. अंगठीवर एक हात कोरलाय, हातात हृदय, आणि स्पॅनिशमध्ये लिहिलंय की तुला देण्यासारखं माझ्याकडे आणखी काही नाही. कुणाच्या तरी बोटात ती इथवर आली. देणारीला ती कुठे पोहोचली हे कधीच कळलं नसणार. मैत्रीण म्हणाली, "चल गं, पाचला बंद होतं," तेव्हा हलले.

उद्या तोच किनारा पायी.

रविवार, रात्री

आधी कामाचं लिहून ठेवते, पुढे येणाऱ्या मुलींना उपयोगी पडेल. बेलफास्टहून कोलरेनपर्यंत ट्रेन, पुढे बस. आणि जायंट्स कॉजवेच्या, म्हणजे समुद्रकाठच्या नैसर्गिक दगडी खांबांच्या, दगडांवर जायला तिकीट नाही! तिथे पोहोचल्यावर तसं अजिबात वाटत नाही. पैसे आहेत ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या अभ्यागत केंद्राचे आणि पार्किंगचे. वाट सार्वजनिक आहे. आम्ही केंद्राला वळसा घातला आणि थेट समुद्राकडे उतरलो.

पहिल्या नजरेत कॉजवे लहान वाटतो. फोटोंनी अपेक्षा फार वाढवून ठेवलेल्या असतात, आणि बँक हॉलिडेच्या गर्दीत दगडांपेक्षा जॅकेटंच जास्त दिसतात. सुमारे ४०,००० खांब, १९८६ पासून जागतिक वारसा, हे सगळं पाठ होतं, तरी मन म्हणालं, एवढंच? मग खाली बसले. एका खांबाच्या माथ्यावर उथळ खळगा होता, त्यात पाणी साचलेलं, कडेला मिठाची पांढरी रेघ. शेजारच्याचा माथा उलट फुगीर. मैत्रीण बाजू मोजत सुटली. बहुतेक सहा, पण पाच आणि सातही सापडल्या. आटलेल्या तळ्याच्या गाळाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तसंच इथे झालं. जाड लाव्हा सावकाश निवला, आकसला, वर तडकला आणि तडे खोल खोल उतरत गेले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक उघडत होता त्या काळात.

मी अंधेरीची. आमच्याकडे गिल्बर्ट हिल आहे, याच जातीचा काळा बेसॉल्ट, असेच उभे खांब, साधारण ६.६ कोटी वर्षांचे. म्हणजे वयाने कॉजवेपेक्षा थोरले, आणि उंचीने तर विचारूच नका: सुमारे २०० फूट. वर गावदेवीचं देऊळ, खाली चारी बाजूंनी इमारती अशा खेटलेल्या की खांब पाहायला कुणाच्या तरी गच्चीवर जावं लागतं. इथे बारा मीटरच्या खांबांना बससेवा, मार्गदर्शक आणि भेटवस्तूंचं दुकान. चिडचिड झाली, लपवत नाही.

पण इथेही सगळं आलबेल नाही. खांबांच्या फटींत लोकांनी नाणी ठोकून ठेवलीत, प्रेमाची खूण म्हणे. नाणी गंजतात, फुगतात, दगडाचे ढलपे निघतात आणि तपकिरी ओघळ उतरतात. ट्रस्ट हात जोडून सांगतोय की हे थांबवा. आमच्यासमोर एका जोडप्याने नाणं ठेवलं. मैत्रिणीने शुद्ध कोल्हापुरीत जे सुनावलं, ते त्यांना कळलं नाही हे बरंच.

दंतकथा मात्र झकास आहे. फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला हा रस्ता बांधला. पण समोरचा भलताच थोराड निघाला. तेव्हा फिनच्या बायकोने नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. पोर एवढं, तर बाप केवढा असेल, या धास्तीने पाहुणा रस्ता उखडत पळाला. डोकं सगळं बायकोचं, नाव नवऱ्याचं.

गर्दी खांबांपाशीच संपते. पुढे ॲम्फीथिएटर नावाच्या कड्याकडे वळलो आणि काळ्या दगडात मधोमध लाल पट्टा दिसला. दोन उद्रेकांमध्ये इथे बराच काळ शांतता होती, हवा उष्ण-दमट होती, दगड झिजून कुजून लाल झाला आणि पुढे त्यावर पुन्हा लाव्हा पसरला. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिचं माहेर देवरूखचं. म्हणाली, "अगो, हा तर जांभा! चिरे पाडतात का तिथे?" चिरे नाहीत, पण अँट्रिम परगण्यातल्या या लाल थरातून एकेकाळी लोखंडाचं खनिज काढायचे. आईला पटलं. कड्याच्या टोकापासून लांब राहा, हे तीनदा सांगून तिने फोन ठेवला.

शेफर्ड्स स्टेप्सच्या १६२ पायऱ्या चढून कड्यावर आलो. सह्याद्रीत घाम गाळलेल्याला त्या काहीच नाहीत. वारा मात्र आहे. बोलायचं तर तोंड जमिनीकडे वळवावं लागतं. वाटेच्या कडेने गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं फुललेली, आणि त्या फुलांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. मैत्रीण काटे चुकवत नाक खुपसून आली आणि तिला सोलकढी आठवली. भूक लागली होती, दुसरं काय.

थोडं पुढे खाली एक अरुंद खाडी, पोर्ट ना स्पॅनिया. तिच्याच टोकाशी, लकाडा पॉइंटला, 'जिरोना' फुटलं. आज पाणी निळंशार, कड्यावर फुलमार पक्षी बसलेले, समोर स्कॉटलंडची पुसट रेघ. 'जिरोना'वरच्या माणसांना तिथेच जायचं होतं. काल अंगठी पाहिली नसती तर मी इथे फोटो काढून पुढे गेले असते.

डनसेव्हरिकच्या किल्ल्याचा एक भिंतवजा तुकडाच उरलाय. बुरूज १९७८ मध्ये समुद्रात गेला. डबा तिथे खाल्ला. थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं.

तिथून पोर्टब्रॅडनची चार घरं ओलांडून व्हाइट पार्क बे. इथे भरतीचं वेळापत्रक पाहूनच यावं, दोन्ही टोकांना खडकांखालून जाताना पाणी वाट अडवतं. मैत्रिणीने सकाळीच वेळा लिहून घेतल्या होत्या. दिवसभराच्या काळ्या दगडानंतर अचानक पांढरे खडूचे कडे आणि लांबच लांब वाळू, आणि त्या वाळूत गाई! निवांत रवंथ करत बसलेल्या. एकीने आमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बॅलिनटॉय गावात पोहोचेपर्यंत साधारण १५ किलोमीटर झाले होते. पुढे कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल आहे, सामन मासे धरणाऱ्या कोळ्यांनी १७५५ मध्ये पहिल्यांदा बांधलेला, पण त्याला तिकीट आहे आणि आमचे पाय संपले होते. चहा आणि स्कोनवर भागवलं. बसमध्ये मैत्रिणीने रॅथलिन बेटाच्या बोटीचे दर काढले. जूनमध्ये तिथे पफिन पक्षी दिसतात. मी म्हटलं, आधी दुसरं प्रकरण. ती म्हणाली, शनिवारची बोट साडेदहाची घेऊया का?