भाचीसाठी सागवानी गल्ला

लहान मुलाला गल्ला भेट द्यायचा म्हटले की बाजारात पत्र्याचे, प्लास्टिकचे आणि मातीचे असे तिन्ही प्रकार सहज मिळतात, आणि त्यांत मातीचा गल्ला मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो फोडल्याशिवाय पैसे निघत नाहीत आणि एकदा फोडला की पुन्हा वापरता येत नाही. लाकडी गल्ल्याला ही सोय नाही. तो कसा उघडायचा, कोणी उघडायचा आणि उघडणे किती अवघड असावे, हे करणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. सात वर्षांच्या भाचीसाठी यंदाच्या उन्हाळ्यात सांगलीत घरीच गल्ला करायला घेतला, तेव्हा करवत हाती घेण्याआधी माझा अधिक वेळ या एकाच प्रश्नात गेला.

बहिणीचे म्हणणे सरळ होते. "दादा, चांगलंसं कुलूप लाव आणि किल्ली माझ्याकडे दे." मला ते पटले नाही. किल्ली आईकडे असलेला गल्ला हा आईचा गल्ला होतो, मुलीचे काम फक्त त्यात पैसे टाकण्याचे उरते. दहा वर्षांवरील मुलांना बँकेतील बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिलेली आहे. तीन वर्षांनी जिला खरे खाते चालवता येणार, तिला आज स्वतःचा गल्ला उघडता येऊ नये, हे विसंगत आहे. मात्र चॉकलेट दिसले की झाकण उघडले, इतकेही ते सोपे नसावे. म्हणून तळ सरकता ठेवायचा, तो एका पितळी स्क्रूने अडवायचा आणि स्क्रूच्या डोक्यावरील खाच कानशीने एवढी रुंद करायची की ती रुपयाच्या नाण्याने फिरेल, असे ठरवले. गल्ला उघडायचा असेल तर एक नाणे गल्ल्याबाहेर राखून ठेवावे लागते, ही त्यातली गंमत मुलांना लगेच कळते.

यानंतर आकाराचा हिशेब. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास आणि घनफळ साधारण एक घन सेंटिमीटर असते. नाणी कशीही पडत असल्यामुळे जागेचा चाळीस टक्के भाग पोकळच राहतो, असे धरले. मनात आधी जी पेटी होती तिची आतली मापे १६० बाय १०० बाय १०० मिलिमीटर होती. तिच्यात साडेनऊशेच्या घरात नाणी मावली असती आणि भरलेली पेटी सात किलोंच्या वर गेली असती. सात वर्षांच्या मुलीला ती उचलता येणार नाही, आणि पायावर पडली तर दवाखाना ठरलेला. शिवाय एवढी मोठी पेटी वर्षानुवर्षे अर्धीच दिसते आणि मुलांचा धीर सुटतो. म्हणून आतली मापे १२० बाय ८० बाय ७० केली. यात चारशेच्या आसपास नाणी राहतात आणि सगळी दहाची असली तरी त्यांचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते.

पैसे टाकण्याची फट नाण्यांवरून ठरवली तर फसगत होते. सध्याच्या नाण्यांत सर्वांत मोठी दहाची आणि वीसची आहेत आणि दोन्ही २७ मिलिमीटरची, तेव्हा तीस मिलिमीटरची फट पुरेशी वाटते. पण आपल्याकडे पाहुणे निघताना मुलांच्या हातावर खाऊला म्हणून ठेवतात ती नोट असते. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटरची आहे. तिची लांबीत दोनदा आणि रुंदीत एकदा घडी घातली की साडेसदतीस बाय तेहतीस एवढा चौकोन होतो. म्हणून फट ४० मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद ठेवली. पाचचे जुने जाड नाणेही तिच्यातून अडखळत नाही. फट लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच कापावी, आडवी कापली तर वरची फळी तिथेच चिरण्याची भीती राहते. दोन्ही टोकांना चार मिलिमीटरची भोके पाडून मधले लाकूड बारीक करवतीने काढले आणि कडा कानशीने व पॉलिश पेपरने गोल केल्या, म्हणजे नोटांची घडी फाटत नाही.

लाकडासाठी नवी फळी विकत घेण्याची गरज पडली नाही. जुनी घरे पाडली की त्यांची सागवानी दारे आणि चौकटी विकायला येतात, आणि तशाच एका दाराच्या दिल्ह्यातून, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळीतून, चारही बाजू निघाल्या. जुन्या सागाला रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधावेत, नाहीतर पात्याला दाते पडतात. साग तसाही पात्याची धार लवकर बोथट करतो, कारण त्याच्या लाकडात सिलिका असते. वरच्या फळीसाठी मात्र मला तून या झाडाचे लाकूड हवे होते. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे घडवले जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि त्या वाद्यांसाठी तुनाचे लाकूड वापरतात. तिथल्या एका कारागिरांनी कापून उरलेला तुकडा आनंदाने दिला, पैसे घेतले नाहीत. तून हलका, तांबूस आणि किंचित सुगंधी असतो. गडद सागाच्या चौकटीत तो शोभून दिसतो, हे मला आधी ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही, त्याच लोभाने मी मिरजेला गेलो होतो.

आता खरी अडचण सांगतो. भाची राहते महाबळेश्वरला. सांगलीच्या कोरड्या मे महिन्यात केलेली पेटी, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावी जाणार होती. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे वरची फळी आणि सरकता तळ दोन्ही खाचेत मोकळे ठेवावे लागतात, चिकटवले की पावसाळ्यात एक तर फळी चिरते किंवा कोपऱ्याचे सांधे उकलतात. चारही कोपऱ्यांना डवटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे पंख्याच्या आकाराचे दाते असलेले सांधे, केले. आठ मिलिमीटर जाडीच्या तळाच्या कडा तासून पाच मिलिमीटरवर आणल्या आणि खाच साडेपाचची ठेवली. रुंदीत दोन्ही अंगांना एकेक मिलिमीटर जागा सोडली. वरच्या फळीला फक्त दोन्ही टोकांच्या मधोमध फेविकॉलचा एकेक थेंब लावला, म्हणजे ती खडखडत नाही आणि फुगायला मोकळीही राहते. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे कोपरे चिकटवण्याआधी सांध्यांवरून थिनरचा बोळा फिरवला आणि लगेच फेविकॉल लावून शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) धरले.

स्क्रू थेट लाकडात फिरवला असता तर काही महिन्यांत त्याचे आटे सैल झाले असते. म्हणून आतल्या बाजूला लाकडाचा छोटा ठोकळा बसवून त्यात पितळी नट अराल्डाइट या गोंदाने पक्का केला. स्क्रूही पितळीच घेतला, कारण लोखंड त्या हवेत गंजते. त्याचे डोके तळात पूर्ण बुडवले आहे, नाहीतर टेबलावर ओरखडे उठले असते.

गल्ला उलटा करून फटीत सुरी खुपसायची आणि एकेक नाणे घसरवून बाहेर काढायचे, ही विद्या कोणत्याही घरातील मुलांना शिकवावी लागत नाही. तिला उत्तर म्हणून फटीच्या खाली थोडे अंतर सोडून प्लायची एक पातळ पट्टी तिरकी बसवली. वरून पडलेले नाणे तिच्यावरून घरंगळत आत जाते, पेटी उलटी केली की नाणी पट्टीमागेच अडतात. घडी केलेली नोटही त्या उतारावरून जाते. यासाठी पट्टीचा उतार बदलून पाहावा लागतो, कागदावर तो नेमका काढता येत नाही.

पॉलिशसाठी चपडी वापरली. लाखेपासून केलेली ही चपडी औषधांच्या गोळ्यांवरही चढवतात, त्यामुळे मुलाने पेटीला तोंड लावले तरी काळजी नसते. एक लिटर स्पिरिटात दोनशे ग्रॅम या प्रमाणात भिजवून, गाळून, कापडाच्या बोळ्याने पातळ हात दिले. आतून आणि बाहेरून सारखेच हात द्यावेत. एकाच अंगाला पॉलिश असेल तर दुसरे अंग ओल घेते आणि फळी वाकते. चपडीवर पाणी साचून राहिले की ती पांढरी पडते, म्हणून शेवटी वरून मधमाशांच्या मेणाचा हात दिला. जवसाचे तेल मुद्दाम टाळले, कारण दमट घरात त्यावर बुरशी धरते.

रिकामी वस्तू देऊ नये म्हणून गल्ल्यात एक रुपया टाकला आणि स्क्रू फिरवण्यासाठी दुसरा वेगळा दिला. जुलैत बहिणीचा फोन आला की तळ थोडा जड सरकतो, पण अडत नाही. खाचेत साधी मेणबत्ती घासायला सांगितली, तेवढ्याने काम झाले.