उकडतंय की भाजतंय?

चंद्रपूरच्या मावशीचा आणि माझा मे महिन्यातला फोन दरवर्षी त्याच वळणावर येऊन अडतो. "किती आहे रे तुमच्याकडे?" ती विचारते. "चौतीस," मी मुंबईतून सांगतो. पलीकडून हसू. त्यांच्याकडे चव्वेचाळीस. मग मी मुंबईची बाजू सावरायला जातो, "अगं मावशी, पण इथे उकडतं किती!" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "उकडतंच ना? आमच्याकडे भाजून राहिलं बाप्पा."

बरीच वर्षं मी हे फुशारकीत धरत होतो. (प्रत्येक गावाला आपल्या उन्हाळ्याचा अभिमान असतोच.) पण यंदा फोन ठेवल्यावर वाटलं, बाईने दोन क्रियापदांत हवामानशास्त्र सांगून टाकलं. उकडायला पाणी लागतं, भाजायला लागत नाही. किनाऱ्यावर हवा वाफेने भरलेली असते, घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. झाकण ठेवलेल्या पातेल्यातल्या बटाट्यासारखी माणसाची गत. विदर्भात हवा कोरडी. तिथे घाम आल्याचं कळायच्या आत उडून जातो, म्हणून तर वाळ्याचा कूलर तिथे देवासारखा वाटतो आणि मुंबईत आणून लावला तर खोलीत नुसती ओल करतो.

एकदा हे लक्षात आलं की मराठी उन्हाळा म्हणजे एक मोठं स्वयंपाकघर दिसायला लागतं. अंगाची लाही लाही होते, म्हणजे आपण तापल्या कढईतले दाणे. पाय पोळतात. पिकं करपतात. करपणं हे भाजण्याच्या पुढचं, वेळेवर न उलथलेल्या भाकरीचं प्राक्तन. होरपळणं त्याहून वेगळं: त्यात जळून जाणं नाही, पण आगीच्या जवळून गेल्याची खूण अंगावर राहते. म्हणून माणसं दुष्काळात होरपळतात, करपत नाहीत. आणि जिवाची काहिली. गुळासाठी उसाचा रस ज्या भल्यामोठ्या कढईत आटवतात तिला काहील म्हणतात, त्यामुळे काहिली हा शब्द ऐकला की मला आत काहीतरी संथपणे आटत चाललंय असंच वाटतं.

तापमानाच्या आकड्याला यातलं काही सांगता येत नाही. तो आकडा येतो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतल्या तापमापकातून. पेटी मुद्दाम अशी केलेली की हवा खेळावी पण ऊन आत येऊ नये. म्हणजे मावशीचे चव्वेचाळीस हे सावलीतले. ऊन त्यात धरलेलंच नाही! हवामान खात्यालाही एका आकड्यावर भागवता आलेलं नाही. उष्णतेची लाट म्हणायला सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान 40 अंश लागतं, किनाऱ्यावर 37 पुरतात, आणि शिवाय ते साधारणपणे सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेलं असावं लागतं. किनाऱ्याला तीन अंशांची ही सवलत पाहून मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

मला जास्त गंमत वाटते ती व्याकरणाची. 'मला उकडतंय' या वाक्यात कर्ता सापडत नाही. कोण उकडतंय? कोणी नाही. ओल्या उष्म्याला चेहरा नसतो. तो चहूबाजूंनी असतो, पंख्याखालीही असतो, रात्री दोन वाजताही असतो, आणि दोष द्यायला समोर कोणी नसतं. कोरड्या उन्हाचं तसं नाही. तिथे 'ऊन मी म्हणतंय'. इतका ठसठशीत कर्ता मराठीत ऋतूंना क्वचितच मिळतो. थंडी कडाक्याची पडते, पाऊस धो धो पडतो. त्यांचं काम बहुतेक पडण्याचं. ऊन थेट 'मी' म्हणतं. आणि ते तसं म्हणतं तेव्हा रस्त्यावर 'मी' म्हणायला दुसरं कोणी उरत नाही.

त्या वेळची दुपार टळटळीत. टळटळीत संध्याकाळ कोणी ऐकली नसेल. ऊन रणरणतं, माळ रखरखतो, जीव तगमगतो. अक्षरं अशी जोडीने का येतात कोण जाणे, बहुधा दुसरा शब्द शोधायचं त्राण नसतं म्हणून. रणरण आणि रखरख यांत मात्र गल्लत नको. रणरण डोक्यावर असते, रखरख पायाखाली. झाडाखाली उभं राहिलं तर रणरण चुकवता येते. रखरखीत माळावर मुळात झाडच नसतं.

झळ आणि धग यांचं भांडण बारीक आहे. झळ वाऱ्यावर येते आणि जाते, धग एका जागी बसून राहते. म्हणून महागाईची झळ लागते, धग नाही. आणि जुन्या अपमानाची धग उरते, झळ नाही. चटका क्षणाचा, पण मनाला लागला तर सर्वांत जास्त टिकतो तो हाच. तापाबद्दल तर बोलायलाच नको. तो अंगात येतो, डोक्याला होतो, 'सं' लागला की आवाज चढवतो, आणि 'पश्चात्' लागला की मान खाली घालतो.

हे सगळं घरात असताना हल्ली जो तो 'खूप गरम होतंय' म्हणतो. काय गरम होतंय? दूध? इस्त्री? लिफ्टमध्ये कोणी असं म्हणालं की माझ्या तोंडावर येतं, उकडतंय म्हण, नाहीतर तापतंय म्हण, निदान कुठल्या पद्धतीने शिजतोय ते तरी कळू दे. म्हणत नाही. लिफ्टमध्ये आधीच उकडत असतं.

'उष्ण'चं प्राकृतात 'उण्ह' झालं आणि तिथून आपलं ऊन. ते दिवसभर एकवचनी: तापतं, चढतं, लागतं. मग साडेपाच-सहाच्या सुमाराला कुणाच्या न कळत त्याचं अनेकवचन होतं. उन्हं कलतात. उन्हं उतरतात. 'मी' म्हणणाऱ्याचे असे विखुरलेले, मवाळ तुकडे भिंतीवर, कुंडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलेले दिसतात.

मावशी फोन ठेवताना हेच म्हणते. "आता ठेवते, उन्हं उतरली की बोलू." मुंबईत त्यानंतर अंधार पडतो, आणि तरीही उकडत असतं.